अंधेरीचा पूर्व-पश्चिम प्रश्न: घोडबंदर रस्त्यापासून मेट्रोपर्यंत (प्रदर्शनासाठी माहिती हवी)

ग्रंथमित्र

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात अंधेरीच्या रस्ते-रेल्वेच्या वाटचालीवर एक छोटं प्रदर्शन लावायचं ठरलं आहे. ए झिरो आकाराचे चार फलक, सोबत एक मोठा नकाशा आणि शेवटच्या रविवारी दोनेक तासांचा पायी फेरफटका. मजकुराचा कच्चा खर्डा तयार आहे, पण सालांच्या क्रमाने मांडला की नुसती सनावळी होते. वाचणारा तिसऱ्या ओळीलाच पुढे सरकेल अशी भीती वाटते.

या गोष्टींवर जाणकारांचं मत हवं आहे:

खर्ड्यात "१९२५ मध्ये अंधेरीला विजेची गाडी आली" आणि "१९५७ मध्ये अंधेरी मुंबई महापालिकेत आली" अशी दोन वाक्यं आहेत. ती बरोबर आहेत का?

अंधेरी ते तुर्भे (ट्रॉम्बे) अशी एक रेल्वे होती म्हणतात. ती नेमकी कोणत्या गल्लीतून जात होती, हे नकाशावर दाखवता येईल का?

गोखले पूल आणि बर्फीवाला पूल एकमेकांना जुळलेच नाहीत, हे कसं झालं? लोक हा प्रश्न हमखास विचारणार. उत्तर सोपं हवं आणि बरोबरही हवं.

आणि चार फलकांची मांडणी कशी करावी?

---

घोडबंदर_रोड

दोन्ही वाक्यं बदला.

१९२५ हे साल जीआयपी रेल्वेचं (आजची मध्य रेल्वे) आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला हार्बर मार्गावर विजेची पहिली लोकल धावली. अंधेरी बीबी अँड सीआय रेल्वेवर (आजची पश्चिम रेल्वे) होती आणि त्या मार्गाचं विद्युतीकरण ५ जानेवारी १९२८ रोजी झालं, कुलाबा ते बोरिवली. "चर्चगेट ते बोरिवली" असं लिहू नका. तेव्हा गाड्या कुलाब्यापर्यंत जात होत्या, कुलाबा स्टेशन १९३० च्या अखेरीस बंद झालं. वीजदाब १५०० व्होल्ट डीसी होता. पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा २०१२ मध्ये पूर्णपणे २५ हजार व्होल्ट एसीवर आली. हा आकडा लक्षात ठेवा, पुलांच्या विषयात उपयोगी पडेल.

महापालिकेचं म्हणाल तर बृहन्मुंबई दोन टप्प्यांत वाढली. १५ एप्रिल १९५० ला पश्चिमेकडे जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेकडे भांडुपपर्यंतचा भाग आला. १ फेब्रुवारी १९५७ ला हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. अंधेरी जोगेश्वरीच्या अलीकडे, म्हणून ती १९५० मध्येच आली. त्याआधी ती उपनगर जिल्ह्यात होती. हा जिल्हा १ ऑक्टोबर १९२० रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढला होता. आजचा मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० चा. एकाच नावाचे हे दोन जिल्हे लोक सर्रास एक समजतात, म्हणून फलकावर दोन्ही तारखा घ्या.

आता मांडणी. फलक दिशांवर बेतायचे, असं माझं ठाम मत आहे. अंधेरीची सगळी गोष्ट दोन दिशांची आहे. आधी उत्तर-दक्षिण वाहतूक आली, ती शंभर वर्षं पुरली. मग पूर्व-पश्चिम वाहतूक वाढली आणि तिच्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती.

ते कसं, ते थोडक्यात असं. साष्टी बेटावरून मुंबईत उतरायला माहीमच्या खाडीत होडीच लागे. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला आणि वांद्र्याहून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्याला महत्त्व आलं. तोच आजचा एस. व्ही. रोड. १८६४ च्या नोव्हेंबरात बीबी अँड सीआयची गाडी ग्रँट रोडपर्यंत पोचली आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल सुटली. तिच्या थांब्यांत अंधेरी आहे, पण इंग्रजीत "अंदारू" अशा वळणाने लिहिलेली. गोरेगाव तिथे "पहाडी" नावाने येतं. जुन्या कागदांत शोधताना हीसुद्धा रूपं टाकून पाहा, नाहीतर हाती काही लागत नाही.

रूळ पडले ते घोडबंदर रस्त्याला जवळजवळ समांतर, त्याच्या पूर्वेला. रस्ता आणि रूळ यांच्या मधली चिंचोळी पट्टी म्हणजे आजचा पश्चिमेचा स्टेशन-बाजार. रुळांच्या एका अंगाला आंबोली आणि पुढे वेसावे (वर्सोवा), दुसऱ्या अंगाला मोगरा, गुंदवली, चकाला, मरोळ, कोंडिविटे. पूर्वेची गावं शेतीची. त्यांना कुर्ल्याकडे जाणारा एकच मुख्य रस्ता होता, तो आजचा अंधेरी-कुर्ला रोड. घर पश्चिमेला असो की पूर्वेला, नोकरी फोर्टात. माणूस स्टेशनापर्यंत चालत येई आणि गाडीत बसे. रूळ ओलांडून पलीकडे कामाला जाणारे थोडेच.

ही घडी पूर्वेने मोडली. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, मरोळची एमआयडीसी, १९७३ मध्ये सीप्झ (निर्यातीच्या कारखान्यांची वसाहत), शेजारी वाढत गेलेला विमानतळ. नोकऱ्या पूर्वेला आल्या. पश्चिमेला डी. एन. नगर, चार बंगला, सात बंगला, मग ऐंशीच्या दशकात लोखंडवाला अशी वस्ती पसरत गेली. लाखो लोकांचा रोजचा रस्ता रूळ आडवे ओलांडून जायला लागला आणि ओलांडायला होतं काय, तर स्टेशनचे पादचारी पूल, एक सबवे आणि १९७५ चा गोखले पूल.

म्हणून पहिला फलक उत्तर-दक्षिण, दुसरा पूर्वेच्या नोकऱ्या, तिसरा रूळ ओलांडण्याच्या जागा आणि चौथा मेट्रो. सालं आपोआप क्रमाने येतील, पण प्रत्येक सालाला कारण असेल.

---

नकाशेवाला

साल्सेट-ट्रॉम्बे, म्हणजे तुम्ही विचारलेल्या अंधेरी-तुर्भे रेल्वेबद्दल. साल्सेट म्हणजे साष्टी. ती होती हे नक्की. जीआयपीने १९२८ मध्ये सुरू केली, १९३४ मध्ये बंद झाली. लांबी सुमारे १३ किलोमीटर. सेंट्रल साल्सेट ट्रामवे हे तिचं दुसरं नाव. कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड त्यावरून ओळखला जातो, सीएसएमटी स्टेशनशी त्याचा काही संबंध नाही. ही ओळ फलकावर जरूर घ्या, रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

पण "अमक्या गल्लीतून जात होती" असं लिहू नका. कारण साधं गणिताचं आहे. एक इंचाला एक मैल या प्रमाणाच्या जुन्या नकाशात १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सुमारे ६३ मीटर. रेल्वेची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली तरी ती जागेवर ३२ मीटर रुंद होते, म्हणजे अंधेरी पूर्वेतल्या दोन-तीन इमारती रेघेच्या जाडीतच बुडाल्या. त्यात कागद दमट हवेत ताणलेला असतो आणि स्कॅन करताना घडीपाशी वाकतो.

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायचा तर हे करा:

१. मूळ कागद ४०० ते ६०० डीपीआयला सपाट स्कॅन करून घ्या. मोबाइलचा फोटो नको, कडेला ताण येतो.

२. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत जिओरेफरन्सर (जुना नकाशा खुणांवरून आजच्या नकाशावर बसवणारं साधन) उघडा. किमान ६ खुणा घ्या, १० असल्या तर उत्तम. त्या चारही कोपऱ्यांत विखुरलेल्या हव्यात. सगळ्या स्टेशनाभोवती घेतल्या की मरोळ भलतीकडे सरकतं.

३. खुणा न हलणाऱ्या निवडा. गिल्बर्ट हिल, कोंडिविट्याच्या महाकाली लेण्या, आंबोलीचं जुनं चर्च, सीप्झच्या आवारातल्या जुन्या चर्चचे अवशेष. नाले, तळी, खाडीचा काठ आणि रस्त्यांची वळणं खुणा म्हणून अजिबात घेऊ नका. मोगरा नाला आणि मिठी या दोघांचेही काठ माणसाने बदललेले आहेत.

४. आधी साधं पहिल्या घाताचं रूपांतर चालवा आणि प्रत्येक खुणेची चूक बघा. एखादी खूण बाकीच्यांच्या तिप्पट चुकत असेल तर ती काढून टाका, ओढूनताणून बसवू नका. थिन प्लेट स्प्लाइन (प्रत्येक खूण ताणून जुळवणारी पद्धत) वापरलं की चूक शून्य दिसते आणि लोक खूश होतात. प्रत्यक्षात नकाशा रबरासारखा ताणलेला असतो आणि मधला भाग खोटा होतो.

५. जुन्या सर्व्हे नकाशांची मोजणी एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती नमुन्यावर) आहे. ती तशीच डब्ल्यूजीएस ८४ (आजचा जीपीएसचा नमुना) समजून लावली तर सगळा नकाशा शेकडो मीटर सरकतो. रेल्वेची रेघ विमानतळाच्या धावपट्टीवर आलेली दिसते, तिचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

छापताना ही रेल्वे बारीक रेघेने न दाखवता ५० ते ६० मीटर रुंदीच्या फिकट पट्ट्याने दाखवा आणि खाली "अंदाजे मार्ग" लिहा. कागद बघायचे तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार पहिलं गाठा. १८८२ चं ठाणे गॅझेटियरही चाळा, कारण तेव्हा अंधेरी ठाणे जिल्ह्यात होती. "मुंबई" या शीर्षकाखाली शोधणारे तिथेच अडतात.

मोठ्या नकाशासाठी १:१०,००० प्रमाण घ्या. ए झिरो कागद ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटरचा असतो. उभा धरला तर वेसाव्यापासून मरोळ नाक्याच्या पलीकडपर्यंतचे ८ किलोमीटर ८० सेंटिमीटरमध्ये बसतात. उत्तर-दक्षिण जोगेश्वरी ते विलेपार्ले ४ किलोमीटर धरले तर ४० सेंटिमीटर लागतात, म्हणजे खाली निम्म्याहून जास्त कागद मजकूर आणि फोटोंना उरतो. १:५,००० घ्यायचा मोह होईल. घेऊ नका, वेसावे कागदाबाहेर जातं आणि मग पूर्व-पश्चिम गोष्टच तुटते.

---

गर्डर

गोखले पुलाचं उत्तर थोडं सविस्तर देतो, कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते.

३ जुलै २०१८ च्या सकाळी भर पावसात पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. मुख्य रस्ता जागेवर राहिला, पदपथ पडला. पदपथ मुख्य तुळयांच्या बाहेर लोखंडी ब्रॅकेटांवर टांगलेला होता. ते ब्रॅकेट गंजलेले होते आणि वरचा बोजा वर्षानुवर्षं वाढत गेला होता: केबलींचे जुडगे, त्यांच्यावर वाळू, वाळूवर पेव्हर ब्लॉक. एक साधा हिशेब फलकावर देता येईल. १० सेंटिमीटर जाडीचा ओल्या वाळूचा थर म्हणजे चौरस मीटरला १८० ते २०० किलो. पदपथ दीड मीटर रुंद धरला तर लांबीच्या प्रत्येक मीटरला जवळपास ३०० किलो, तोही कायमचा. माणसं येतात-जातात, हा बोजा हलत नाही. शिवाय वाळू पाणी धरून ठेवते आणि गंज खालून पोसला जातो. वरून बघणाऱ्याला नवीन कोरा पेव्हर ब्लॉकच दिसतो. म्हणून पदपथ आणि मुख्य पूल यांची तपासणी वेगवेगळी करावी लागते, एकाच्या शेऱ्यावर दुसरा पास होत नाही.

त्या घटनेनंतर शहरातल्या ४४५ पुलांची तपासणी रेल्वे, महापालिका आणि आयआयटी यांच्या साहाय्याने हाती घेतली गेली. गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ पासून वाहतुकीला पूर्ण बंद झाला.

आता जुळण्याचा प्रश्न. रुळांवरून पूल नेताना खालची मोकळी उंची रेल्वे ठरवते. १९७५ चा पूल बांधला तेव्हा तारांत १५०० व्होल्ट होते, आता २५ हजार आहेत. दाब वाढला की तार आणि पुलाचा तळ यांच्यात हवेचं अंतर जास्त लागतं. त्यात भविष्यातल्या गरजेसाठी रेल्वे जास्तीची जागा मागते. जुना पूल तोडेपर्यंत जुन्या मापाने चालतं, पण नवीन बांधायला घेतला की नवं माप लागू. म्हणून नवा गोखले पूल जुन्यापेक्षा वर गेला. पश्चिमेचा सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल मात्र जुन्या गोखले पुलाच्या उंचीला जोडलेला होता, तो तिथेच राहिला. दोघांच्या टोकांत जवळपास माणसाच्या उंचीएवढी पायरी पडली.

लोक विचारतील, मग नवा पूल उतरवत का नाही आणला? उताराला लांबी लागते. शहरातल्या पुलाला १:३० चा चढ ठीक समजतात, म्हणजे १ मीटर उंची उतरायला ३० मीटर रस्ता. दोन मीटरला ६० मीटर. पश्चिमेला रूळ आणि बर्फीवाला पुलाचं टोक यांच्यात तेवढी लांबी मोकळी नाही, लगेच एस. व्ही. रोड आडवा येतो. उतार तीव्र केला तर बस आणि मालट्रक चढताना अडतो, दुचाकी पावसात घसरते.

उपाय निघाला तो बर्फीवाला पूलच वर उचलण्याचा. आयआयटी आणि व्हीजेटीआय यांच्या सल्ल्याने हे काम झालं. उचलायची पद्धत अशी: पुलाचा वरचा भाग खांबांवर बेअरिंगवर (मधल्या टेकणीवर) टेकलेला असतो. बेअरिंगच्या बाजूला हायड्रॉलिक जॅक लावतात, सगळे एका नियंत्रणाखाली. थोडं उचलायचं, लोखंडी स्टूल आणि पट्ट्यांची चळत खाली सरकवायची, जॅक मोकळे करून वर घ्यायचे, पुन्हा उचलायचं. जॅकचा एकेक टप्पा लहान असतो, एका दमात मीटरभर उचलता येत नाही. एखादा जॅक बाकीच्यांच्या पुढे गेला तर स्लॅबला पीळ बसतो आणि तडा जातो, म्हणून प्रत्येक टप्प्याला मापं घ्यावी लागतात. हवी ती उंची आली की बेअरिंगखाली काँक्रीटचे नवे पेडेस्टल (ठोकळे) ओततात आणि बोजा त्यांच्यावर देतात. गोखले पुलाच्या टोकाला एका बाजूला १,३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचल दिली. दोन बाजूंचे आकडे वेगळे आहेत ते चुकून नाहीत. पूल आडवा सपाट न राहता वळणाला आणि उताराला जुळावा म्हणून ते तसे आहेत. ४ जुलै २०२४ पासून ही जोडणी सुरू झाली.

रुळांवरच्या गर्डरचा (पुलाचा बोजा पेलणाऱ्या पोलादी तुळयांचा) एक चौकोन तिसऱ्या फलकावर हवाच. एका बाजूच्या गर्डरचं वजन सुमारे १,३०० टन, लांबी जवळपास ९० मीटर. पोलादाचे सुटे भाग अंबाल्याहून आले, पूर्वेच्या बाजूला जोडले गेले. पहिला गर्डर डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला रुळांवर सरकवला, मग टप्प्याटप्प्याने साडेसात मीटर खाली उतरवून जागेवर बसवला. इतका उंच का जोडला आणि मग खाली का आणला, हे लोकांना कळत नाही. कारण सरकवताना खालच्या विजेच्या तारा आणि खांब अडता कामा नयेत. पश्चिम रेल्वेच्या मुख्य मार्गावर काम करायला मिळतं ते मध्यरात्रीनंतरचे दोन-तीन तास. त्यात आधी वीज बंद, मग तारा जमिनीला जोडून निर्धोक झाल्याची लेखी खात्री, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी हेच सगळं उलट्या क्रमाने. तीन तासांच्या ब्लॉकमध्ये (गाड्या बंद ठेवून मिळणाऱ्या वेळात) कामाचे निव्वळ दोनच मिळतात. पुलाला महिने लागतात त्याचं मोठं कारण हे.

तारखा: पहिली बाजू २६ फेब्रुवारी २०२४, पूर्ण पूल ११ मे २०२५. "पूल २०२४ ला सुरू झाला" एवढंच लिहिलंत तर अपुरं होईल.

---

ग्रंथमित्र

फारच मोलाची माहिती, मनापासून आभार. दिशांप्रमाणे फलक करायचं पक्कं केलं. अजून दोन शंका. अंधेरी सबवे दरवर्षी का तुंबतो, त्याला पंप लावून का भागत नाही? आणि मेट्रोच्या फलकात काय चुकू शकतं? फेरफटक्याला बाहेरगावचे पाहुणेही येणार आहेत, ते चुकीच्या स्टेशनावर उतरायला नकोत.

---

घोडबंदर_रोड

सबवेचं कारण जमिनीच्या उतारात आहे. रुळांच्या भरावामुळे पूर्वेचं पाणी पश्चिमेला जायला मोजक्याच मोऱ्या आहेत आणि सबवे त्या सगळ्या भागात खोल. शेजारून मोगरा नाला वाहतो, तो पुढे मालाडच्या खाडीला मिळतो. मोठी भरती असली की खाडीचं पाणी नाल्याच्या तोंडाशी उभं राहतं. त्या वेळी जोराचा पाऊस लागला तर नाला भरतो आणि पाणी सबवेत उतरतं. तुम्ही सबवेतलं पाणी पंपाने उपसलं तरी टाकणार त्याच भरलेल्या नाल्यात. ते फिरून येतं. म्हणून पंप नाल्याच्या मुखाशी हवा, दरवाज्यासह. भरतीला दरवाजा बंद, पाणी उचलून खाडीत.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर पावसाचं पाणी वाहून नेण्याच्या १९९३ च्या जुन्या ब्रिमस्टोवॅड आराखड्याला पुन्हा गती आली. त्यातल्या आठ उदंचन केंद्रांपैकी (पंपिंग स्टेशनांपैकी) हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा झाली. मोगरा आणि माहुल मागे राहिली. आजूबाजूच्या इर्ल्याचं पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं आणि सबवेचं नाही, या तक्रारीचं उत्तर त्यात आहे. ही गोष्ट कितीही वेळा सांगावी लागली तरी सांगायला हवी, कारण दर पावसाळ्यात चर्चा फक्त कचऱ्याची होते. कचरा हे एक कारण आहे, पण नाला शंभर टक्के साफ असला तरी भरतीच्या वेळी मुखच बंद असतं.

आणि गोखले पूल बंद असताना सगळा भार कुठे गेला, तेही तिसऱ्या फलकाच्या नकाशावर दाखवा: उत्तरेला अंधेरी सबवे आणि जोगेश्वरीचा ठाकरे पूल, दक्षिणेला पार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल आणि त्याच्याही खाली सांताक्रूझचा मिलन पूल. म्हणजे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर पलीकडे जायला माणूस पार्ले किंवा जोगेश्वरी गाठत होता.

---

डी_एन_नगर

मेट्रोच्या फलकात सगळ्यात जास्त गोंधळ स्टेशनांच्या नावांचा होतो, तो आधी निस्तरा.

"अंधेरी" हे स्टेशन मार्ग १ वर आहे, वर्सोवा ते घाटकोपर. ते रेल्वे स्टेशनला पादचारी पुलाने जोडलेलं आहे. "अंधेरी पश्चिम" हे स्टेशन मार्ग २अ वर आहे आणि ते डी. एन. नगरला आहे, रेल्वे स्टेशनपाशी नाही. नाव बघून पाहुणा तिथे उतरला तर त्याला पुन्हा मार्ग १ ची गाडी धरून दोन स्टेशनं यावं लागेल. मार्ग ७ चं शेवटचं स्टेशन "गुंदवली". ते मार्ग १ च्या "वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे" स्टेशनला जोडलेलं आहे, नावं वेगळी असली तरी. भूमिगत मार्ग ३ ला बदलायचं तर "मरोळ नाका". विमानतळाला जायचं असेल तर मार्ग १ च्या "एअरपोर्ट रोड"ला उतरू नका, मार्ग ३ वर टी १ आणि टी २ अशी दोन वेगळी स्टेशनं आहेत. "एमआयडीसी-अंधेरी" हेही मार्ग ३ वर आहे, तेही रेल्वे स्टेशनपासून लांब. फेरफटक्याच्या निरोपात "अंधेरी मेट्रो, मार्ग १, निळी रेघ" एवढं तीन गोष्टींसह लिहा.

तारखा: मार्ग १ चं भूमिपूजन जून २००६, सेवा ८ जून २०१४. लांबी ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं. २अ आणि ७ यांचा पहिला टप्पा एप्रिल २०२२ चा, पण तेव्हा ते अंधेरीपर्यंत आले नव्हते. अंधेरीपर्यंत आले जानेवारी २०२३ ला. मार्ग ३ चा आरे ते बीकेसी हा भाग ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि कफ परेडपर्यंत पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये.

मार्ग १ ला एवढा उशीर का, हे तुमच्या तिसऱ्या फलकाशी जोडूनच सांगा. बाकीचा मार्ग रस्त्याच्या मध्यावर खांब रोवून झाला. अवघड ठरल्या त्या दोन आडव्या जागा: पश्चिम रेल्वेचे रूळ आणि हायवे. रुळांवर पोलादी पूल, हायवेवर तारांनी तोललेला पूल. रुळांवरच्या पुलाच्या परवानग्या आणि रात्रीचे ब्लॉक यांत बराच काळ गेला. आणि फायदा कोणता, तर वर्सोवा ते घाटकोपर हे अंतर २१ मिनिटांत. त्याआधी घाटकोपरला जायला आगरकर चौकातून ३४० नंबरची बस आणि पुढे साकीनाक्याची कोंडी. अंधेरीत उत्तर-दक्षिण रेल्वेला जोडणारी पहिली आडवी रेल्वे असं तिचं वर्णन केलंत तर ते अचूक होईल, फक्त "१९३४ नंतरची" असं पुढे जोडा. नकाशेवाल्यांनी सांगितलेली अंधेरी-ट्रॉम्बे त्याआधीची.

आणखी एक. मार्ग १ चे रूळ १,४३५ मिलिमीटर रुंदीचे आहेत, लोकलचे १,६७६. "मेट्रो उद्या लोकलच्या रुळांवरही जाईल का" असं मुलं विचारतात, त्यांना हे दोन आकडे आणि खऱ्या मापाच्या दोन पट्ट्या जमिनीवर चिकटवून दाखवा. २४ सेंटिमीटरचा फरक पायाने मोजता येतो.

लोकलसाठी पहिल्या फलकावर दोन नव्या नोंदी घ्या. हार्बर मार्ग अंधेरीच्या पुढे गोरेगावपर्यंत मार्च २०१८ मध्ये गेला. जून २०२१ पासून अंधेरी ते विरार धीम्या मार्गावर १५ डब्यांच्या गाड्या सुरू झाल्या. १२ डब्यांची गाडी अडीचशे मीटरच्या थोडी वर, १५ डब्यांची सव्वातीनशेच्या जवळ. म्हणजे फलाट साठ-सत्तर मीटरनी वाढवावा लागतो, आणि तो ज्या टोकाला वाढतो तिथे आधीच सिग्नल, क्रॉसिंग किंवा पुलाचा खांब असतो.

---

गर्डर

फेरफटक्याबद्दल एक सूचना. सुरुवात पूर्वेला आगरकर चौकातून करा. स्टेशनच्या पादचारी पुलावर पाच मिनिटं थांबून खाली रूळ मोजायला लावा: हार्बर, धीमा, जलद, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात खार ते गोरेगाव सुरू झालेली सहावी लाइन. पश्चिमेला उतरून एस. व्ही. रोडने दक्षिणेकडे चालत गोखले पुलाच्या टोकापाशी या. बर्फीवाला पुलाच्या खांबांवर नवे पेडेस्टल खालून पाहता येतात, जुन्या आणि नव्या काँक्रीटचा रंग वेगळा आहे. गटाने रस्त्याच्या मधोमध उभं राहू नका, पदपथावर आठ-दहा जणांपेक्षा जास्त मावत नाहीत, तेव्हा दोन तुकड्या करा. परत येताना जे. पी. रोडवरून मेट्रोचा मार्ग डोक्यावर ठेवून आझाद नगरपर्यंत चला आणि तिथून गाडीने डी. एन. नगर. मोठ्यांना दमायला होत नसेल तर पुढे गिल्बर्ट हिल.

सबवे दाखवायचाच असेल तर पावसाळ्यात आधी त्या दिवशीची भरतीची वेळ बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच सुमाराला पाऊस असेल तर तो टप्पा गाळा, आणि निरोपात हे आधीच लिहून ठेवा, म्हणजे ऐनवेळी शंभर फोन येणार नाहीत.